विग्रह करून समास ओळखा

भाषा दोन ठिकाणांहून येते. एक आईकडून आणि दुसरी समितीकडून. आईकडची भाषा कधी शिकलो ते आठवत नाही आणि समितीकडची भाषा कधी शिकून होईल ते सांगता येत नाही. आणखी एक तिसरा प्रकार आहे, तो एकट्या माणसाने खोलीचे दार लावून केलेल्या भाषेचा. वॉर्सातले डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही भाषा अशीच करून छापली. तिच्या सगळ्या व्याकरणाचे नियम सोळा. इथेच मराठी माणसाला संशय येतो. आपल्याकडे साहित्य महामंडळाचे नुसते शुद्धलेखनाचे नियम अठरा आहेत आणि तेही पाळणारा माणूस दाखवा असे म्हटले तर जो तो दुसऱ्याकडे बोट करतो.

झामेनहोफ यांचा अकरावा नियम आपल्या कामाचा आहे. सामासिक शब्द करायचा तर शब्द नुसते एकापुढे एक मांडायचे आणि मुख्य शब्द शेवटी ठेवायचा. वाफ अधिक जहाज, झाली आगबोट. म्हणजे आपला तत्पुरुषच, फक्त सोवळ्यात नसलेला. शब्द कमी पाठ करावे लागावेत म्हणून डॉक्टरांनी 'माल' हा उपसर्ग 'उलट' या अर्थाने ठेवला. चांगला म्हणजे 'बोना', तर वाईट म्हणजे 'मालबोना'. तरुण 'यूना', म्हातारा 'मालयूना'. ही काटकसर हॉस्पिटलच्या दारात पोचते तेव्हा 'मालसानुलेयो' असा शब्द होतो. विग्रह करून पाहा : निरोगीच्या उलट जो माणूस, त्याची जागा. स्वतः डॉक्टर असलेल्या गृहस्थाने हा शब्द करावा आणि घाईत आलेल्या रोग्याच्या नातेवाइकाने तो रिक्षावाल्याला सांगावा, हे जमायचे कसे?

नात्यांच्या बाबतीत तर ते फारच धाडसी निघाले. लग्नामुळे जडलेल्या कोणत्याही नात्याला पुढे 'बो' लावायचा. वडील 'पात्रो', सासरे 'बोपात्रो'. नणंद, भावजय आणि मेहुणी या तिघींना मिळून एकच 'बोफ्रातीनो'. आमच्या निफाड तालुक्यात भर मांडवात 'बोफ्रातीनोला ओवाळायला बोलवा' अशी हाक दिली, तर तिघी उठतील, एकीलाच ताट मिळेल आणि उरलेल्या दोघी पुढची पंचवीस वर्षे त्या घरी पाण्याचा घोट घेणार नाहीत. झामेनहोफ यांना भाषेच्या जोरावर जगात शांतता नांदवायची होती. त्यांनी आमच्याकडचे एक लग्न पाहायला हवे होते.

याहून काटेकोर मंडळी १९८७ मध्ये आली. त्यांच्या भाषेचे नाव लोज्बान. तर्कशास्त्राला धरून बोलता यावे म्हणून केलेली भाषा. तिच्यात जुळवलेल्या शब्दाला 'लुज्वो' म्हणतात. मूळ शब्द पाच रोमन अक्षरांचे, पण समासात जाताना त्यांनी अंग चोरायचे असते, म्हणून प्रत्येकाची छोटी रूपे ठरवून दिली आहेत. अशा रूपांतून एकाच अर्थाचे अनेक समास होऊ शकतात, मग त्यांना गुण दिले जातात आणि ज्याला सर्वांत कमी गुण तो उत्तीर्ण. (शाळेत असताना ही पद्धत आमच्याकडे यायला हवी होती.) शिवाय समासाचा अर्थ एकच असला पाहिजे आणि तो विग्रहासकट कोशात नोंदवला पाहिजे, असा त्यांचा दंडक. या लोकांना एकदा आपल्या पंगतीत बसवावे. वरणभात म्हणजे वरण आणि भात. मसालेभात म्हणजे मसाला आणि भात नव्हे. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात, पण दूधभात कुणी दूध घालून शिजवत नाही. हे सगळे आपण चौथ्या वर्षी, तोंडात घास असताना शिकलो. विग्रह विचारला असता तर उपाशी उठलो असतो.

लोज्बानबद्दल माझी एक तक्रार आहे, ती इथेच नोंदवतो. तिचे मूळ शब्द घडवताना चिनी, हिंदी, इंग्रजी, रशियन, स्पॅनिश आणि अरबी अशा सहा भाषांचे ध्वनी, त्या बोलणाऱ्यांच्या संख्येच्या हिशेबाने घेतले. मराठी नाही. तर्कशास्त्राची भाषा करायची आणि तीत मराठी माणसाला विचारायचे नाही, याला काय म्हणावे! विचारले असते तर भाषा झाली नसती हे मान्य, पण चर्चा तरी झाली असती.

आता, परक्यांच्या खटपटीला हसणे सोपे आहे. पण घडवलेल्या भाषेचा मराठी माणसाइतका जुना अनुभव फार थोड्यांना असेल. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, दहा वर्गांत सुमारे चौदाशे, आणि तेही श्लोकांत. शब्द नोंदवण्याची ही पद्धत मला फार आवडते. कोश चाळायचाच नाही, म्हणायचा. कारकुनाला 'अमुक शब्दाला काय लिहू?' असे विचारले की तो डोळे मिटून पहिल्या श्लोकापासून सुरुवात करणार. त्या काळी पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत झाला. पुढे काय झाले ते आपण जाणतोच. शिक्क्यात 'मुख्य प्रधान' असे कोरून घेणारे लोक शनिवारवाड्यात पेशवे म्हणूनच नांदले आणि मुजुमदार, डबीर, फडणीस, चिटणीस आडनावांत जाऊन बसले, तिथून त्यांना कोणताच कोश हलवू शकला नाही. 'पंतप्रधान' हा शब्द मात्र चिकाटीचा. पेशवाई संपून सव्वाशेहून अधिक वर्षे झाल्यावर, १९४७ मध्ये, त्याला एकदाची कायमची नोकरी लागली.

दुसरा शब्दशिल्पी आमच्याच जिल्ह्यातला. सावरकरांचा जन्म १८८३ चा, भगूरचा. दिनांक, क्रमांक, महापौर, प्राचार्य, दिग्दर्शक, चित्रपट, हुतात्मा हे शब्द त्यांच्या नावावर जमा आहेत. यांतले बहुतेक आज इतके मुरले आहेत की ते कुणी केले असतील असे वाटतच नाही. पण गंमत बघा. प्रत्येक अर्जावर 'दिनांक' छापलेले असते आणि खिडकीच्या पलीकडचा माणूस म्हणतो, 'तारीख टाका.' आपणही काही न समजल्यासारखे करत नाही, दिनांकापुढे तारीख टाकतो. 'दूरध्वनी' आणि 'ध्वनिक्षेपक' यांचे नशीब इतकेही चांगले नाही. लोकांनी एकाला फोन म्हटले आणि दुसऱ्याला भोंगा. पुढे दूरध्वनीला 'भ्रमणध्वनी' नावाचा मुलगा झाला, तो लग्नपत्रिकेत राहतो. पत्रिकेबाहेर त्याला कुणी पाहिलेले नाही.

तिसरा उद्योग सरकारी. ६ जुलै १९६० ला, म्हणजे राज्य होऊन पुरते सव्वादोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा भाषा संचालनालय सुरू झाले. त्याने पदनाम कोश काढला आणि आचार्य अत्र्यांनी त्याचा लगेच 'बदनाम कोश' केला. एका अक्षराच्या बदलात एवढे काम क्वचितच कुणी केले असेल. तरी खरे सांगायचे तर त्या कोशातले अधीक्षक, संचालक, लिपिक, कार्यकारी अभियंता हे लोक पुढे चांगले रुळले. माणूस पदावर असला की पदनाम आपोआप तोंडात बसते. त्याच्याकडे आपले काम असते ना!

मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. पुढे चीन युद्धाच्या वेळी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ आमच्या ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. राजभाषा अधिनियमही १९६४ चाच. म्हणजे एकाच माणसाच्या कारकिर्दीत महाराष्ट्रात दोन कारखाने निघाले, एक शब्दांचा आणि एक विमानांचा. दोन्हीकडे सुटे भाग बाहेरून यायचे. विमानाचे रशियातून, शब्दांचे संस्कृतातून. दोन्हीकडे जोडणी इथे. फरक एवढाच की ओझरचे विमान तयार झाल्यावर आधी उडवून बघत आणि मगच पुढे पाठवत.

मुळात 'मिग' हाच समास आहे, ही गोष्ट ओझरमध्ये फार लोकांच्या लक्षात आलेली नाही. अर्त्योम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच हे दोन अभिकल्पक. (पाहिलेत, 'अभिकल्पक' लिहून गेलो. डिझायनर.) त्यांच्या आडनावांचा हा द्वंद्व. पण रशियन लिपीत नाव लिहितात तेव्हा पहिले अक्षर मोठे, मधले छोटे आणि शेवटचे मोठे असते. मधल्या छोट्या 'इ'चा रशियनमधला अर्थ 'आणि'. द्वंद्वात 'आणि' गळायला हवा, तो इथे तसाच उभा. चहाच्या टपरीवर मी हे आमच्या ओळखीच्या निवृत्त मराठीच्या सरांना सांगितले, तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले.

"मग हा अलुक् म्हणायचा. युधिष्ठिरासारखा. प्रत्यय न गळलेला."

शेजारी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका बसले होते. ते म्हणाले, "सर, रशियनांच्या ड्रॉइंगात साधा वॉशर गळलेला चालत नाही. 'आणि' कसा गळेल?"

सरांना हे शास्त्र मानवले नाही, पण उदाहरण मानवले.

खरी लढाई पुढे झाली. गावाचे नाव ओझर. सगळे लिहितात 'ओझर मिग'. आता विग्रह करून समास ओळखा.

तत्पुरुष म्हणावा, तर शेवटचे पद मुख्य, म्हणजे 'ओझरचे मिग'. मग 'मुक्काम पोस्ट ओझर मिग' असे पाकिटावर लिहिणारा माणूस कॉकपिटमध्ये राहतो असे होईल. अव्ययीभाव म्हणावा, तर पहिले पद मुख्य हे ठीक, पण सबंध शब्द क्रियाविशेषण व्हायला हवा, आणि 'तो ओझरमिग जेवला' असे अजून तरी कुणी म्हणत नाही. बहुव्रीही म्हणावा, तर 'मिग आहेत ज्यात ते', पण मग ओझर पदरात राहतच नाही. द्वंद्व मात्र जरा विचार करण्यासारखा आहे. ओझर म्हणजे गावठाण आणि मिग म्हणजे कारखान्याची वसाहत, टाउनशिप. एकीकडे बाणगंगेकाठचे जुने वाडे, दुसरीकडे आखीव रस्ते आणि क्वार्टर. पण सर म्हणाले की द्वंद्वातली दोन्ही पदे सारख्या वजनाची लागतात, आणि हा प्रश्न टपरीवर काढला तर गावठाणातले आणि टाउनशिपमधले असे दोन तट पडून खरेच द्वंद्व होईल.

शेवटी मध्यमपदलोपी. यात मधले पद गळते. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. मग ओझर मिगमध्ये मधले काय गळले? काकांनी सांगितले ते जसेच्या तसे देतो. "ओझर, म्हणजे ते जुन्नर तालुक्यातलं अष्टविनायकाचं विघ्नहराचं नाही बरं का, हे आपलं नाशिकचं, आग्रा रोडवरचं, दहाव्या मैलाजवळचं, जिथं मिग बनायचं ते." एवढे सगळे लोपले आहे. सर म्हणाले की व्याकरणात मध्यमपदलोपी आहे, मध्यमपरिच्छेदलोपी नाही.

(दहाव्या मैलावरून आठवले. देशात किलोमीटर येऊन साठएक वर्षे झाली, मैल कुणी मोजत नाही, पण महामार्गावरचा 'दहावा मैल' जागचा हललेला नाही. त्याचा 'सोळावा किलोमीटर' करण्याची हिंमत कोणत्याही समितीने दाखवलेली नाही.)

समास सुटला तो व्याकरणाच्या पुस्तकाने नव्हे, तालुक्याच्या नकाशाने. आमच्या भागातली गावे पाहा. पिंपळगाव बसवंत. नांदूर मध्यमेश्वर. शेजारी चांदवडकडे गेलात तर वडनेर भैरव. नांदूर पुष्कळ, वडनेर पुष्कळ, म्हणून गावाच्या नावापुढे ओळखीसाठी दुसरे नाव जोडायचे आणि ते बहुधा देवाचे. नांदूरला मध्यमेश्वर, वडनेरला भैरव, ओझरला मिग. महसुली मराठीतली ग्रामदैवताची जागा ओझरमध्ये एका रशियन लढाऊ विमानाने घेतली आहे. गावात खंडेराव आहेत, चंपाषष्ठीला त्यांची मोठी यात्रा भरते, बारागाड्या ओढल्या जातात (द्विगु समास, परीक्षेत विचारला तर लिहा). पण पत्त्यावर मान मिगचा. खंडेरायांनी कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. ते स्वतः घोड्यावर बसणारे, वाहनाची किंमत जाणतात.

आणि म्हणूनच हा शब्द टिकला. त्याच्यासाठी कुणी नवा साचा केला नाही. साचा आधीपासून होता, लोकांनी त्यात मिग बसवले. 'विमानतळ' टिकला तोही असाच. 'तळ' सैन्याचा असतो, वाळूचा व्यापारीही नदीत ठोकतो, त्यामुळे विमानाचा तळ कुणाला समजावून द्यावा लागला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आलेला 'अंगणवाडी' तर देशभर गेला. अंगण आणि वाडी, दोन्ही घरचेच. आमच्याकडे वाघाड धरणाच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी संस्था काढल्या, त्यांना 'पाणीवापर संस्था' म्हणतात. याच कामासाठी २००५ मध्ये जो कायदा झाला त्याचे नाव 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम'. नाव वाचून होईपर्यंत शेवटच्या चारीचे पाणी बंद होते. सुदैवाने कायद्याच्या आतही संस्थेला 'पाणी वापर संस्था' असेच म्हटले आहे. समितीतल्या कुणाला तरी आईची आठवण झाली असावी.

द्राक्षवाल्यांनी तर आपला सगळा कोश बागेतच केला. मणीगळ, घडकूज, खरड छाटणी. 'डाउनी' हा इंग्रजी रोगही त्यांनी नातलगासारखा नावाने ठेवून घेतला. पुस्तकात त्याला 'केवडा' म्हणतात, पण पीक घालवणाऱ्याला फुलाचे नाव द्यायला कोण धजावणार?

पण सगळ्या महाराष्ट्राच्या समासांचा राजा सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकाच कागदावर आले म्हणून सातबारा. एक अधिकार अभिलेख आणि दुसरा पिकांची नोंद, हे वकिलाला ठाऊक. बाकीच्यांना नुसते आकडे पुरतात. लोज्बानच्या माणसाला हा शब्द दिला तर तो आधी बेरीज करील, मग गुणाकार, आणि लिहिताना मध्ये तिरकी रेघ दिसली की भागाकार. सात छेद बाराला संक्षेप देता येत नाही हे त्याच्या लगेच लक्षात येईल. वाटण्या देता येतात, हे आमच्याकडे आल्यावर कळेल.

सरकारी मराठीचा माझा आवडता कारखाना 'ग्रस्त'चा. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त, इथपर्यंत निसर्गाचा हात. मग धरणग्रस्त आणि प्रकल्पग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला, चंद्र ग्रहणात होतो तसा. विकासाने माणूस गिळला, हे सरकारने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शिक्क्यानिशी मान्य केलेले दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. शिवाय त्याचा दाखला मिळतो आणि तो मिळावा म्हणून माणसे रांग लावतात.

शब्द झाल्यावर तो नोंदवायचा कुठे, हाही प्रश्न असतोच. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, जो १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, सामासिक शब्द पहिल्या पदाखाली एका ओळीत येतात आणि जागा वाचवण्यासाठी पहिल्या पदाऐवजी नुसते एक बारीक शून्य छापतात. एस्पेरांतोच्या मोठ्या कोशात त्या जागी एक वळवळती रेघ असते, पण आपल्या शून्यात जी समज आहे ती तिच्यात नाही. 'घर' या शब्दाखाली पाहा. घर म्हणून जे होते त्याचे शून्य झालेले असते आणि पुढे 'जावई' पूर्ण अक्षरांत ऐसपैस बसलेला असतो. घरजावयाची इतकी नेमकी व्याख्या दाते-कर्व्यांनी व्याख्येच्या जागीही केलेली नसेल.

ओझर मिगची नोंद असल्या कोणत्याही कोशात नाही. ती दुकानांच्या पाट्यांवर आहे, शाळेच्या दाखल्यांवर आहे, आधार कार्डांवर आहे, द्राक्षांच्या पेट्यांवर आहे. कारखान्याला मिगचे काम संपवून बराच काळ लोटला. २००४ पासून इथे सुखोई बनू लागले, पण 'ओझर सुखोई' कुणी म्हटले नाही, नावात 'सुख' असूनही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला समारंभपूर्वक निरोप दिला. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत ओझरमध्ये जोडलेले पहिले तेजस आकाशात गेले. तेजस हा चांगला, देशी, तद्दन संस्कृत शब्द आहे, समितीला आवडेल असा. भाषा संचालनालयाने तरीही घाई करू नये ही विनंती. आमच्याकडे पत्र टाकायचे असेल तर पाकिटावर ओझर मिगच लिहा, तालुका निफाड. नुसते ओझर लिहिलेत तर ते जुन्नरला विघ्नहराकडे जाईल, आणि तिथे आधीच अर्जांची गर्दी आहे.